बकुळेला माहीत नव्हतं

“सांगा पाहू मुलांनो, या डब्यात काय असेल?” पडद्यावरच्या बकुळेनं विचारलं आणि उत्तराची वाट बघत ती थांबली.

बालवाडीच्या सतरंजीवर बसलेली पोरं तिच्याकडं नुसती बघत राहिली. एकानं जांभई दिली. पुढच्या रांगेतल्या मुलीनं शेजारणीच्या वेणीची रिबन सोडायला घेतली. मी मागं, पोरांच्याच बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बकुळेचा तो आवाज माझा होता.

“अरे वा, बरोबर ओळखलंत,” पडद्यावरची बकुळा म्हणाली.

कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बालवाडीच्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. आमची दिग्दर्शक केतकी ओगले भिंतीशी उभी राहून स्वतःच्या पायांच्या नखांकडं बघत होती.

मी कुमुद आरवाडे. मूळची सांगलीची, पुण्यात येऊन जन्म गेला. चेहऱ्यानं तुम्ही मला ओळखणार नाही, पण माझा आवाज तुमच्या घरात येऊन गेलाय. दंतमंजनाच्या जाहिरातीतला बोबडा मुलगा मी होते. पोटदुखीच्या औषधाची रडकी मुलगी मीच. सिनेमात कुठं लहान मूल असलं आणि त्याला धड बोलता येत नसलं, की ‘कुमुदताईंना बोलवा’ असं ठरलेलं. पन्नाशी उलटली तरी मला कुणी पाच वर्षांच्या वर जाऊच दिलं नाही. त्याचा मला राग नव्हता, उलट चांगलीच ऐट होती.

बऱ्याच वर्षांपूर्वीची ही गोष्ट. केतकीच्या छोट्या स्टुडिओनं अजून शाळेत न जाणाऱ्या चिमुरड्या पोरांसाठी एक कार्टून मालिका काढायला घेतली होती, ‘बकुळा शोधून काढते’. पाच वर्षांची बकुळा आणि तिच्याबरोबर गजू नावाचं हत्तीचं पिल्लू. दर भागात देशातल्या एका गावी एक सण आणि त्यातलं एक इवलंसं रहस्य. केरळातल्या फुलांच्या रांगोळीतलं एकच फूल रोज कोण बदलतं, आसामात ढोल वाजला की घरात कोण शिंकतं, असली. चोर नाही, मारामारी नाही, कुणी घाबरायचं नाही. पहिला भाग आपल्याकडचा, भोंडल्याचा. आम्ही सांगलीला हादगा म्हणायचो. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी ज्या घरी खेळ असेल त्या घरची खिरापत झाकलेल्या डब्यातून आणायची. डब्यात काय आहे ते पोरींनी ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. केतकीला वाटलं, आपल्याकडं पोरांसाठी तयार रहस्यकथाच पडलेली आहे. खरंच होतं ते.

आणि बकुळा मला मिळाली होती. जाहिरातीतलं मूल अर्ध्या मिनिटात संपतं. ही वर्षानुवर्षं माझ्याजवळ राहणार होती. इतकं मोठं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं, आणि मला ते हवं होतं. कुणाला आवडो न आवडो, स्पष्ट सांगते.

त्या दिवशी बालवाडीतला खेळ संपल्यावर व्हरांड्यात चॅनेलच्या सुनेत्रा मॅडम म्हणाल्या, “केतकी, या मालिकेचा सगळा जीव एकाच गोष्टीत आहे. बकुळेनं विचारलं की घरात बसलेलं मूल बोललं पाहिजे. इथं एक पोर बोललं नाही.”

“चित्रं अजून कच्ची आहेत,” केतकी म्हणाली.

“कच्च्या चित्रांवरही पोरं बोलतात. मला वाटतं आवाजात काहीतरी आहे.” त्या माझ्याकडं वळल्या. “ताई, तुमचं काम सुरेख आहे, त्यात प्रश्नच नाही. पण शुक्रवारी मी परत येईन. तेव्हाही हेच झालं, तर मी मुंबईहून दुसरा आवाज आणीन.”

सुरेख आहे आणि दुसरा आणीन. माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, पण समोर बालवाडी होती.

घरी जाऊन मी रात्रीचं जेवण केलं नाही. आवाज गोड कमी पडला का? मग आरशासमोर अजून गोड करून बघितला. तो इतका गोड झाला की माझं मलाच मळमळलं. पोरं गप्प का बसली, हा किडा काही केल्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बालवाडीत गेले. बाईंनी बसू दिलं. रिबन सोडणारी ती मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. तिचं नाव इरावती, सगळे इरू म्हणायचे. नाक वाहतं आणि नजर वकिलाची.

मी मूठ मिटून पुढं केली आणि बकुळेच्या आवाजात विचारलं, “सांगा पाहू, माझ्या मुठीत काय आहे?”

इरूनं मुठीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग उठून ठोकळे खेळायला गेली. बाकीच्यांनी तर बघायचीही तसदी घेतली नाही.

तास झाला तरी हेच. मी कावले. जायला उठले तर पर्समध्ये स्कूटरची किल्ली नाही. पर्स उपडी केली, खुर्चीखाली वाकून बघितलं.

“कुठं गेली ही मेली किल्ली?” मी पुटपुटले, माझ्याच घोगऱ्या आवाजात.

आणि बालवाडी उठली. कुणी सतरंजी उचलली, कुणी ठोकळ्यांचा डबा उलटा केला. “केवढी आहे?”, “लाल आहे का?”, “खिशात बघितली का?” एकानं माझ्या चपला उलट्या करून झटकल्या. इरू सरळ फाटकाकडं पळाली आणि तिथून ओरडली, “तू गाडीलाच ठेवलीस.”

मी फाटकापाशी जाऊन बघितलं. किल्ली स्कूटरला लटकत होती.

“इरू,” मी तिच्यासमोर उकिडवी बसले. “मघाशी मुठीतलं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तुला माहीत होतं की.”

“आणि ती टीव्हीतली बकुळा? तिला का नाही सांगितलंस?”

“तिला पण माहितीये,” इरू म्हणाली. मी एवढी मोठी बाई असून मला हे समजत नाही, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

मी स्कूटर तशीच केतकीकडं पळवली. ती संगणकासमोर डोकं धरून बसली होती. चित्रं काढणारा प्रबोध शेलार तिच्या मागं उभा राहून चहात पाव बुडवत होता.

“माझ्या संवादांच्या कागदांतलं शेवटचं पान काढून टाक,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“मी आधी सगळं वाचते. डब्यात काय आहे ते मला पहिल्यापासून ठाऊक असतं. मग मी पोरांना विचारत नाही, त्यांची तोंडी परीक्षा घेते. पोरांना ते कळतं. आपल्या हादग्यात आई स्वतःच्या लेकीलासुद्धा खिरापत सांगत नाही. का? तिनं सांगितलं तर लेक खेळेल का जिवानं?”

केतकीनं मान वर केली. “पण ताई, ध्वनिमुद्रणाला लिहिलेलं वाचावं लागतं.”

“लागत नाही. खरा डबा आण. पोरी आण. माइक चालू ठेव. तोंडाच्या हालचाली काय, हा प्रबोध नंतर आवाजावरून काढेलच.”

“काढीन,” प्रबोध म्हणाला आणि पाव चहात पडला.

“डबा कुणी करायचा? मी केला तर मला माहीत असणार, आणि माझ्या तोंडावरून तुम्हाला कळणार,” केतकी म्हणाली. तिचं बरोबर होतं. केतकी काही लपवायला बसली की तिचे कान लाल व्हायचे.

शेवटी ध्वनिमुद्रण करणारे दस्तगीरभाई म्हणाले, “आमच्या घरातनं आणतो. बेगमला सांगतो, मलासुद्धा सांगायचं नाही म्हणून.”

गुरुवारी दुपारी दस्तगीरभाई पितळी डबा घेऊन आले. डब्याला चादरीच्या तुकड्याची घट्ट गाठ मारलेली. इरू आणि अजून तिघी, त्यांच्याबरोबर बालवाडीच्या बाई. आम्ही काचेच्या खोलीत पाट मांडला, खडूनं हत्ती काढला आणि फेर धरला. माझ्या सांगलीच्या गाण्यातले शब्द पोरींना येत नव्हते आणि त्यांच्या पुण्याच्या गाण्यातले मला. खूप गोंधळ झाला. मग मी डबा मधे ठेवला आणि बकुळेचा आवाज लावून विचारलं, “ओळखा पाहू, काय आहे?”

“आधी गोड का तिखट ते सांग,” इरू म्हणाली.

आता पंचाईत. खिरापतीत हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर डबा करणारी बाई देते. ती तिकडं घरी बसलेली. आम्ही सगळ्या शहाण्यांनी एवढा घाट घातला, आणि जिला माहीत आहे तिला बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी काचेपलीकडं बघितलं. केतकीनं कपाळावर हात मारला. दस्तगीरभाईंनी दोन्ही तळवे उघडून दाखवले, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“मला नाही माहीत,” मी इरूला म्हणाले.

“खरंच?”

“आईशप्पथ.”

इरूनं माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग ती पुढं सरकली आणि डब्याला कान लावला. तिच्यामागं बाकीच्या तिघी, आणि मग मी. मांडी घालून, वाकून, पितळेला गाल लावून. डबा गार होता.

“हलव,” एक म्हणाली.

मी हलवला. आत काहीतरी सरकलं आणि थप्प करून थांबलं.

“चिवडा नाही. चिवडा खुळखुळतो.”

“लाडू?”

“लाडू गडगडतात. हे सरकतंय.” मी परत हलवला. “आणि जड आहे गं बरंच. सरकतंय, जड आहे... काय बरं असेल?”

“वड्या?” 

“वड्या सुट्या सुट्या वाजतील ना?” मी म्हणाले. “वाजतील का?”

“पोळ्या,” इरू म्हणाली.

“खिरापतीला पोळ्या कोण देतं?”

“भूक लागलेली माणसं.”

पोरी हसल्या, मीही हसले. सांजा म्हणून झालं, धपाटे म्हणून झालं, एकीला ठाम वाटत होतं की आत चप्पल आहे. इरूनं गाठीला नाक लावलं आणि म्हणाली, औषधाचा वास येतोय. मी नाक लावलं. औषध कसलं, बडीशेप होती, आणि तिच्यामागं गूळ.

“गोड आहे,” मी म्हणाले. “गोड, जड, चपटं, बडीशेपेचं. मला हे माहीत असायला पाहिजे गं. मी हे खाल्लंय कधीतरी. काय आहे हे?”

तेव्हा मला बकुळा आठवतसुद्धा नव्हती. मी खरीच त्या डब्यात अडकले होते. पोरी माझ्या अंगावर चढून एकेक नाव सुचवत होत्या आणि मी प्रत्येकीला परत काहीतरी विचारत होते. शेवटी आम्ही पाचही जणी हरलो म्हणालो आणि गाठ सोडली. आत चोंगे होते. गुळाच्या कणकेचे, वरती नक्षी उठवलेले. सांगलीला मोहरमच्या दिवसांत शेजारच्या घरातून आमच्याकडं यायचे. पोरींनी नावही ऐकलं नव्हतं. खाल्ले मात्र सगळे, डब्याच्या मालकांना एक तुकडा ठेवून.

काचेपलीकडं केतकी डोळे पुसत होती. हसून हसून.

तिनं रात्रभर बसून ते ध्वनिमुद्रण जुन्या चित्रांवर चढवलं. शुक्रवारी बालवाडीत तेच पडद्यावर लागलं. इरू आणि त्या तिघी सोडून बाकी सगळी पोरं होती. “काय बरं असेल?” एवढं ऐकायचा अवकाश, आणि सतरंजीवर एकच कालवा. भजी, शेव, बटाटा, साप. “हलव ना परत,” कुणीतरी पडद्याला दटावलं. गोड वास येतोय म्हटल्यावर एक बारका मुलगा उठून पुढं गेला आणि पडद्याला नाक लावून उभा राहिला. बाईंना त्याला उचलून बाजूला करावं लागलं.

 सुनेत्रा मॅडमही हसत होत्या. मला वाटलं, जिंकलं.

“पोरं बोलली,” त्या व्हरांड्यात म्हणाल्या. “असं मी कधी बघितलं नव्हतं. पण केतकी, तो आवाज पाच वर्षांच्या मुलीचा नाही. एका मोठ्या बाईचा आहे, चांगला घोगरा. त्या चिमुरडीच्या तोंडी तो विचित्र वाटतो. हे मी वर कुणाला दाखवू शकत नाही.”

डब्याच्या नादात बकुळेचा आवाज केव्हा सुटला, ते मला कळलंच नव्हतं. “लहान आवाजात करते परत,” मी घाईनं म्हणाले. “नवा डबा आणा. मला सांगू नका.”

केलं. शनिवारी दुसरा डबा, दुसऱ्या पोरी. आणि जमेना. डब्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं, तरी बकुळेचा बारीक आवाज लावला की माझ्या बोलण्यात तो शहाणपणा परत येऊन बसायचा. पाच वर्षांचं मूल कसं बोलतं, कुठं अडखळतं, कुठं नाक ओढतं, हे सगळं ठाऊक असल्याशिवाय तो आवाज निघतच नाही. पोरी कंटाळल्या. एकीनं विचारलं, “ही बाई अशी का बोलते?”

दस्तगीरभाईंनी यंत्र बंद केलं. केतकी एवढंच म्हणाली, “ताई, सोमवारी मॅडमना कळवायचंय. मी बघते काय ते.”

बघते काय ते, याचा अर्थ या धंद्यात मला चांगला माहीत होता. रविवार मी पडून काढला. भावाचा फोन आला तर त्याच्यावरच खेकसले. बकुळा गेली म्हणून रडले, हेही सांगते. मुलीसारखी मुलगी, आणि मुंबईची कुठली तरी सटवी येऊन तिला घेऊन जाणार.

सोमवारी सकाळी मी स्टुडिओत गेले ती माझं सामान आणायला. काचेच्या खोलीत माझी एक उशी होती, पाठीला लागायची, आणि गरम पाण्याची बाटली. केतकी फोनवर होती. मी गुपचूप दोन्ही काखोटीला मारल्या आणि निघाले, तर प्रबोधनं वाट अडवली. हातात चित्रांची फळी.

“ताई, दोन मिनिटं खिडकीपाशी बसता का? उजेडात.”

“कशाला?”

“बसा तर. आणि मला काहीतरी विचारा.”

“काय विचारू तुला? मला घरी जायचंय.”

“काहीही विचारा. फक्त तुम्हाला खरंच माहीत नसलेलं पाहिजे.”

माझं टाळकं सरकलं होतं. पण त्याचा चेहरा इतका गंभीर होता की मी बसले, उशी मांडीवर घेऊन. खूप विचार केला. तेवढ्यात केतकी फोन ठेवून दारात येऊन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते, ते मला दिसलं, पण त्यातून चांगलं का वाईट ते काही कळेना.

मग मी तिलाच विचारलं. आवाज कुठला लावायचा, याचं भान नव्हतं.

“केतकी, बकुळा माझ्याकडं राहणार आहे का गं?”

तिनं प्रबोधकडं बघितलं. प्रबोधची पेन्सिल झरझर चालली होती.

“परत विचारा,” तो मान वर न करता म्हणाला. “तसंच.”

“राहणार आहे का?”

“झालं.”

त्यानं फळी माझ्याकडं वळवली. कागदावर गजू होता, आमचं तेच हत्तीचं पिल्लू. त्याच्या गळ्यात हात टाकून एक बाई बसली होती. चांगली आडवी, पन्नाशीची, साडीचा पदर खोचलेला, केस अर्धे पांढरे. भुवया वर गेलेल्या आणि तोंड जरासं उघडं, काहीतरी खरंच माहीत नसल्यासारखं. खाली त्यानं बकुळामावशी असं लिहिलं होतं.

“मॅडमना आत्ताच विचारलं,” केतकी म्हणाली. “त्या म्हणाल्या, आवाज बदलायचा नसेल तर मग मुलगी बदला.”

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पोरांच्या तोंडात बसून बोलले होते. माझ्या आवाजासाठी कुणी तोंड काढलं नव्हतं. मला त्या दोघांना खूप काही म्हणायचं होतं.

“नाक एवढं मोठं नाही माझं,” मी म्हणाले, आणि उशी परत काचेच्या खोलीत ठेवायला उठले.